पूर्व भागाचा अभ्यास आणि एच-इंडेक्स ३

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आजवर माझे १४ लेख प्रसिद्ध झाले आहेत आणि त्यांपैकी ८ मराठीत आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर, विडी कामगार स्त्रिया आणि महानगरपालिकेचे राजकारण हा माझा अभ्यासविषय आहे. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) तपासणीच्या तयारीच्या बैठकीत प्रत्येक प्राध्यापकाचे गूगल स्कॉलरवरचे आकडे पडद्यावर दाखवण्यात आले. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांचा एच-इंडेक्स १८, माझा ३ आणि एकूण सायटेशन (इतरांनी माझ्या लेखांचे दिलेले संदर्भ) २३. स्कोपस या आंतरराष्ट्रीय संशोधन-सूचीवर तर माझे नावच नाही. आता काही सहकाऱ्यांनी एकमेकांचे लेख ठरवून उद्धृत करण्यासाठी गट केला आहे आणि त्यात मलाही बोलावले आहे. मराठीत लिहिणे थांबवावे का? विषय बदलावा का? या गटात जावे का? (एक प्राध्यापिका, सोलापूर)

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र आणि सोबत जोडलेले गूगल स्कॉलरचे पान, दोन्ही काळजीपूर्वक वाचले. त्या गटात जाऊ नका, एवढे आधीच सांगून ठेवतो. त्याची कारणे पुढे येतील, पण आमंत्रणाला उत्तर देण्याची घाई असेल तर नकार आजच कळवून टाकावा.

आता त्या ३ या आकड्याकडे पाहू. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हा निर्देशांक सुचवला. एखाद्या अभ्यासकाच्या जितक्या लेखांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन मिळाली असतील, ती सर्वांत मोठी संख्या म्हणजे त्याचा एच-इंडेक्स, अशी त्याची साधी व्याख्या आहे. तुमच्या पानावर पहिल्या लेखाला ९, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ४, चौथ्याला आणि पाचव्याला प्रत्येकी २, सहाव्याला १ आणि उरलेल्या ८ लेखांना शून्य सायटेशन दिसतात. तिसऱ्या लेखाला ३ पेक्षा अधिक आहेत, चौथ्याला मात्र ४ नाहीत, म्हणून तुमचा निर्देशांक ३ वर थांबतो. चौथ्या लेखाला आणखी दोन संदर्भ मिळाले असते तर तो ४ झाला असता. पहिल्या लेखाला आणखी एक मिळाला असता तर किमान १० सायटेशन असलेले लेख मोजणारा आय-टेन निर्देशांक शून्यावरून १ वर गेला असता. इतक्या लहान संख्यांच्या पातळीवर हे आकडे एखाद्या पीएच.डी. प्रबंधाच्या संदर्भसूचीत आपले नाव आले की नाही, एवढ्यावर हलतात. त्यांवरून एखाद्या अभ्यासकाच्या कामाची प्रत ठरवणे मला अत्यंत अयोग्य वाटते.

रसायनशास्त्राशी केलेली तुलना तर मुळातच टिकत नाही. प्रयोगशाळेतल्या एका लेखावर पाच-सहा जणांची नावे असतात आणि त्या लेखाला मिळालेले प्रत्येक सायटेशन त्या पाच-सहा जणांच्याही खात्यावर पूर्णपणे जमा होते. संदर्भसूची लांब असते आणि तिच्यात मुख्यतः गेल्या काही वर्षांतलेच लेख असतात. राज्यशास्त्रात बहुतेक लेखन एकट्याचे असते, ते पुष्कळदा पुस्तकातून येते, आणि त्याचा उपयोग करणारा दुसरा अभ्यासक चार-पाच वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा भेटतो. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना मिळणारी सरासरी सायटेशन, मागच्या दोनच वर्षांतल्या लेखांवरून काढला जातो, त्यामुळे आपल्या विषयाच्या संथ गतीला तो अजिबात मानवत नाही. निरनिराळ्या विद्याशाखांतले आकडे एका मापाने मोजता येत नाहीत, याची जाणीव स्वतः हिर्श यांनीही त्या मूळ लेखात दिली होती. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशन सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ती सूची प्रत्यक्षात आणली, तेव्हा एखाद्या लेखाचा धागा पुढे कोणी पकडला हे संशोधकाला शोधता यावे, हा तिचा मुख्य हेतू होता. माणसांची रांग लावण्यासाठी तिचा वापर पुढे वाढत गेला.

तुमच्या पत्रात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या कराव्यात. तुमची पदोन्नती हा एक विषय आहे आणि महाविद्यालयाचे मूल्यांकन हा दुसरा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांमध्ये संशोधन गुणांकाचा जो तक्ता आहे, त्यात एच-इंडेक्स किंवा सायटेशनसाठी गुण नाहीत. सामाजिक शास्त्रांतील समीक्षित (तज्ज्ञांकडून तपासून लेख छापणाऱ्या) जर्नलमधल्या एका लेखाला १० गुण आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्यातले ७० टक्के मिळतात, आणि जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण आहेत. लेख कोणत्या भाषेत आहे, याचा भेद तो तक्ता करत नाही. पुस्तकाला आणि पुस्तकातल्या प्रकरणाला गुण आहेत, अनुवादालाही आहेत. सहयोगी प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी किमान ७ प्रकाशने आणि ७५ संशोधन गुण लागतात, आणि तुमचे १४ लेख खरोखर समीक्षित नियतकालिकांतले असतील तर तिथे तुमची बाजू भक्कम आहे. कॅसचा, म्हणजे सेवांतर्गत पदोन्नतीचा, अर्ज भरण्याआधी त्या वेळी लागू असलेला शासन निर्णय आणि विद्यापीठाचे परिपत्रक मात्र अवश्य पाहावे. सायटेशनच्या आकड्यांची गरज लागते ती नॅक आणि एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीसाठी. एनआयआरएफ हे आकडे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स यांतून घेते. म्हणजे बैठकीत पडद्यावर जे दाखवले गेले, ती संस्थेची काळजी होती आणि ती तुमच्या योग्यतेच्या निवाड्यासारखी तुमच्यापुढे आली. प्राचार्यांची अडचण खरी आहे आणि ती समजून घ्यावी, परंतु तो निवाडा मनावर घेऊ नये.

एवढे म्हटल्यावरही एक गोष्ट उरते आणि ती मला तुमच्यापासून लपवायची नाही. तुमचा आकडा जितका असायला हवा त्याहून कमी आहे, आणि त्याचे एक कारण असे की तुमचे निम्म्याहून अधिक काम शोधणाऱ्याला सापडतच नाही. तुमच्या मराठी लेखांपैकी ज्या चार लेखांच्या पीडीएफ तुम्ही पाठवल्या, त्यांतल्या तीन जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. श्रीलिपी किंवा तशा फॉन्टमध्ये जुळवलेले पान आपल्या डोळ्यांना स्वच्छ देवनागरी दिसते, पण त्यातला मजकूर संगणकाच्या दृष्टीने अर्थहीन रोमन अक्षरांची रास असते, आणि कोणतेही शोधयंत्र त्यात ‘विडी कामगार’ हे शब्द ओळखू शकत नाही. चौथी पीडीएफ छापील पानांचे छायाचित्र आहे, तिचीही तीच गत. मराठीतल्या सामाजिक शास्त्रांच्या लेखनाचा फार मोठा भाग अशा रीतीने इंटरनेटवर असूनही अदृश्य राहिला आहे. चांगले, कष्टाचे लेखन केवळ फॉन्टमुळे वाचकाला पारखे व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे दुरुस्त करता येते. नियतकालिकाच्या संपादकांकडे लेखाची प्रत सार्वजनिक ठिकाणी ठेवण्याची लेखी परवानगी मागा. मराठी नियतकालिकांचे संपादक सहसा ती आनंदाने देतात. मग लेखाची युनिकोडमधली प्रत तयार करून ती झेनोडोसारख्या विनामूल्य भांडारात ठेवा. सर्न या युरोपीय संस्थेचे हे भांडार २०१३ पासून चालू आहे आणि तिथे ठेवलेल्या प्रत्येक लेखाला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो. शीर्षक मराठीत आणि इंग्रजीत द्या, आणि दीडशे-दोनशे शब्दांचा इंग्रजी सारांश जोडा, म्हणजे तेलुगू भाषक विणकरांविषयी हैदराबादमध्ये काम करणाऱ्या अभ्यासकाला निदान तुमचा लेख आहे हे तरी कळेल.

नावाचेही पाहा. तुमच्या १४ लेखांवर तुमचे नाव चार प्रकारे छापले गेले आहे : माहेरचे आडनाव, सासरचे आडनाव, दोन्ही आद्याक्षरांसह आडनाव, आणि एके ठिकाणी नुसते पहिले नाव व वडिलांचे नाव. आपल्या शहरात, जिथे तेलुगू कुटुंबांत घराण्याचे नाव अनेकदा आधी लिहिले जाते आणि मराठी संपादक ते उलटे करून छापतात, तिथे हा घोटाळा अधिकच होतो. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख सांगणारा सोळा अंकी क्रमांक घ्या, तो विनामूल्य मिळतो. एक इंग्रजी रूप कायमचे निश्चित करा आणि सगळे जुने लेख त्या क्रमांकाखाली नोंदवा. गूगल स्कॉलरच्या पानावर एकाच लेखाच्या दोन नोंदी दिसत असतील तर त्या एकत्र करण्याची सोय तिथेच आहे. तुमच्या यादीतला चौथा आणि सहावा लेख मला एकाच लेखाच्या दोन नोंदी वाटतात. त्या तशा निघाल्या तर सायटेशन ३ होतील आणि निर्देशांक ४ च्या एक पाऊल अलीकडे येईल.

ही सगळी कामे एका दिवाळीच्या सुटीत होण्यासारखी आहेत. यापुढचे काम अधिक अवघड आहे, आणि मला तुमच्याशी खरे बोलायचे आहे ते त्याविषयी.

दुसऱ्या अभ्यासकाने आपले नाव संदर्भसूचीत घालावे असे केव्हा घडते? त्याच्या स्वतःच्या युक्तिवादात आपल्या निष्कर्षावाचून एक जागा रिकामी राहते, तेव्हा घडते. तुम्ही पाठवलेले मराठी लेख मी वाचले. त्यांत माहिती विपुल आहे. कोणत्या प्रभागात कोणत्या पक्षाने कोणाला उमेदवारी दिली, पद्मशाली समाजातल्या कोणत्या घराण्यांचा प्रभाव कसा बदलला, हे सर्व तुम्ही नेमकेपणाने नोंदवले आहे. परंतु बहुतेक लेख ‘सोलापुरात असे घडले’ इथे संपतात. सोलापूरबाहेरच्या वाचकाने त्याचे काय करावे, हे तुम्ही त्याला सांगत नाही, आणि म्हणून आदराने वाचूनही तो तो लेख बाजूला ठेवतो.

राज्यशास्त्रातल्या एलिनोर ऑस्ट्रॉम यांचे उदाहरण या संदर्भात मला फार मोलाचे वाटते. १९६० च्या दशकात त्यांनी डॉक्टरेटसाठी घेतलेला विषय आपल्या पूर्व भागाइतकाच स्थानिक होता : लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या एका भूजल खोऱ्यातले पाणी उपसणारे लोक आणि त्यांनी आपापसांत केलेली व्यवस्था. त्या खोऱ्याच्या बारकाव्यांत त्या शिरल्या, पण त्यांनी विचारलेला प्रश्न खोऱ्यापुरता नव्हता. सर्वांच्या मालकीचे साधन लोक सरकारच्या सक्तीवाचून आणि खासगी मालकीवाचून टिकवू शकतात का, हा तो प्रश्न होता. त्यावरचे त्यांचे प्रमुख पुस्तक १९९० मध्ये आले, २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि मासेमारीपासून जंगलापर्यंत कशावरही लिहिणारे अभ्यासक आज त्यांचा आधार घेतात. त्यांनी विषय बदलला नव्हता. त्यांनी त्या जागेकडून मोठ्या प्रश्नाचे उत्तर मागितले होते.

तुमच्याजवळ असा प्रश्न आहे, आणि तो मला तुमच्या सर्वाधिक उद्धृत झालेल्या, विडी कामगार स्त्रियांच्या घरकुलांवरच्या इंग्रजी लेखात अर्धवट सुटलेला दिसला. रीना अगरवाला यांनी महाराष्ट्र, तामिळनाडू आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांतल्या विडी आणि बांधकाम कामगारांचा अभ्यास करून असे दाखवले की, मालक निश्चित नसलेले असंघटित कामगार आपल्या मागण्या मालकाऐवजी सरकारपुढे ठेवतात आणि आपल्या मताचा उपयोग त्यासाठी करतात. सोलापूर या मांडणीला पुष्टी देते आणि अडचणीतही टाकते. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर यांच्या नावाची कामगार वसाहत उभी राहिली. त्यानंतर ३०,००० घरांच्या रे नगर प्रकल्पातली पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांना देण्यात आली. कामगार संघटनेने घरांसाठी दिलेल्या या लढ्याचे नेते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम यापूर्वी विधानसभेवर निवडून गेलेले होते, आणि तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत ते पराभूत झाले. संघटना घर मिळवून देते, पण मत तिच्या मागे राहत नाही, असे का घडते? घराचे श्रेय केंद्र सरकारच्या योजनेला मिळाले, की भाषा, जात आणि धर्म यांनी कामगार म्हणून असलेली ओळख मागे सारली, की नवी वसाहत शहराबाहेर गेल्यामुळे जुन्या मतदारसंघातले संघटनेचे जाळेच विरळ झाले? कल्याणकारी लाभ आणि मतदान यांचा संबंध हा आज जगभरच्या राज्यशास्त्रात चर्चेत असलेला विषय आहे. त्याची इतकी स्वच्छ कसोटी घेता येईल अशी जागा तुमच्या महाविद्यालयापासून बसने जाता येईल इतक्या अंतरावर आहे, तिथल्या बायकांशी तुम्ही तेलुगूत बोलू शकता, आणि तुमच्याकडे त्या कुटुंबांच्या जुन्या मुलाखती आहेत. बाहेरून येणाऱ्या कोणत्याही संशोधकाला हे जमवायला अनेक वर्षे लागतील. विषय बदलण्याचा विचार कृपा करून सोडा.

मराठीत लिहिणे थांबवावे का, या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. थांबवू नका. ज्या स्त्रियांनी तुम्हाला वेळ दिला, ज्या कार्यकर्त्यांनी जुनी हस्तपत्रके आणि सभांचे वृत्तांत काढून दिले, जे विद्यार्थी पुढे याच शहराचे राजकारण समजून घेणार आहेत, त्यांच्यापर्यंत तुमचे निष्कर्ष मराठीतच पोचतील. समाज प्रबोधन पत्रिकेसारखी नियतकालिके त्यासाठीच चालवली जातात. परंतु ज्या लेखात असा व्यापक प्रश्न आहे, तो इंग्रजीतही वेगळा लिहा. नुसते भाषांतर केले तर चालणार नाही, कारण सोलापूरच्या वाचकाला रे नगर सांगावे लागत नाही आणि दूरच्या वाचकाला तो वाद कुठे येऊन ठेपला आहे हे आधी सांगावे लागते. लोकनीती या निवडणूक-अभ्यास करणाऱ्या संशोधन गटाच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये सुरू केलेले स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स आणि मुंबईचे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या दोन्ही ठिकाणी अशा लेखाला जागा मिळू शकते. समीक्षकांचे अभिप्राय यायला महिने लागतील, कदाचित पहिला नकारही येईल, पण ते अभिप्राय तुमच्या लेखाचे पहिले गंभीर वाचन असेल. मराठी लेख आधी छापला असेल तर संपादकांना ते स्पष्ट कळवा.

या प्रतीक्षेला कंटाळून पैसे भरून आठवड्यात लेख छापणाऱ्या जर्नलकडे वळू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल पारखण्याची जबाबदारी आता अधिकच तुमच्या-माझ्यावर आली आहे. नियतकालिकाला मिळणारा आयएसएसएन क्रमांक ही फक्त नोंदणी आहे, दर्जाची हमी नाही. मुखपृष्ठावर ठळक छापलेला इम्पॅक्ट फॅक्टर तो आकडा काढणाऱ्या क्लॅरिव्हेट या कंपनीच्या वार्षिक अहवालात नसेल तर त्याला अर्थ नाही. संपादक मंडळातल्या दोन-तीन जणांना साधी ईमेल करून ते खरोखर त्या मंडळावर आहेत का, हे विचारले तरी पुष्कळ कळते.

आता गटाविषयी. ठरवून केलेली परस्पर उद्धरणे लपून राहत नाहीत, कारण कोणी कोणाला उद्धृत केले हे गूगल स्कॉलरवर एका क्लिकवर दिसते आणि त्याच सहा-सात नावांचे चक्र कोणत्याही निवड समितीला ओळखू येते. क्लॅरिव्हेट अशा प्रकारासाठी जर्नलांनाही आपल्या अहवालातून वगळते. पण पकडले जाण्याची भीती हे माझे मुख्य कारण नाही. तुमच्या पहिल्या लेखाची ९ सायटेशन मी उघडून पाहिली. त्यांतली सहा शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या पीएच.डी. प्रबंधांतली आहेत आणि त्यांतल्या दोन प्रबंधांत तुमच्या निष्कर्षावर पानभर चर्चा केली आहे. ज्यांनी ते वाचून लिहिले, त्यांच्या शेजारी न वाचता घातलेली पंधरा नावे बसवली, की खऱ्या वाचनाचा हा पुरावाच पुसला जाईल.

याला एक प्रामाणिक पर्याय आहे. आपल्याकडे पंढरपूरचा प्राध्यापक बार्शीच्या सहकाऱ्याचा लेख वाचत नाही, आणि साखर कारखान्यांच्या राजकारणावर लिहितानाही संदर्भसूची दिल्लीच्या नावांनी भरतो. ‘काही अभ्यासकांच्या मते’ असे लिहून स्थानिक माणसाचे श्रेय सहज बुडवले जाते. गटातल्या सहकाऱ्यांना असे सुचवा की, महिन्यातून एकदा कोणा एकाच्या अप्रकाशित लेखाचे वाचन आणि कठोर चर्चा करावी. त्यातून ज्याला ज्याचे खरोखर उपयोगी पडेल त्याने ते उद्धृत करावे, न पडल्यास करू नये.

प्राचार्यांकडे आकड्याबरोबर एक पानही द्या. त्यात तुमचे तीन महत्त्वाचे लेख, प्रत्येकाचा निष्कर्ष दोन वाक्यांत, तो कोणी आणि कशासाठी वापरला (दोन प्रबंधांतल्या चर्चेसह), आणि महानगरपालिका किंवा कामगार संघटनांनी तुमच्या माहितीचा उपयोग केला असल्यास त्याचा पुरावा असू द्या. २०१५ मध्ये नेचरमध्ये प्रसिद्ध झालेल्या, संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या लायडन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांपैकी तिसरे तत्त्व स्थानिकदृष्ट्या महत्त्वाच्या संशोधनाच्या गुणवत्तेचे रक्षण करण्याविषयीच आहे, आणि २०१३ चे सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्र जर्नलच्या आकड्यावरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये असे सांगते. आयक्यूएसीच्या (महाविद्यालयातल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) समन्वयकांना या दोन्हींच्या प्रती त्या पानासोबत द्या, आणि पुढच्या बैठकीत विभागवार आकडे दाखवताना एका विद्याशाखेची दुसरीशी तुलना होणार नाही अशी मांडणी करावी, ही विनंती लेखी करा. रे नगरवरच्या लेखाचा खर्डा तयार झाला की मला पाठवा. मी तो वाचून सविस्तर अभिप्राय देईन.